पान हिरवं झालं, पण धातू कुठे गेला?

प्रश्न : आमच्या शेताला कित्येक वर्षं ओढ्याचं पाणी आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारे छोटे कारखाने आहेत. त्यांचं सांडपाणी ओढ्यात येतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. माती तपासून घेतली. सामू (पीएच) ५.६, कॅडमियम किलोला ४ मिलिग्रॅम, शिसं किलोला ६० मिलिग्रॅम आलं. पालक आणि मेथी पिवळी पडते, भात मात्र बरा येतो. एका विक्रेत्याने फवारणीचं औषध सुचवलं आहे. त्याने पिकाला धातूचा ताण सोसतो, पान पुन्हा हिरवं होतं असं तो म्हणतो. शेजारी म्हणतात सूर्यफूल लावा, ते मातीतलं विष ओढून घेतं. पिकाला हे सगळं सोसायची ताकद यावी म्हणून नेमकं काय द्यावं? भाजी आम्ही घरीही हीच खातो, घरात दोन लहान मुलं आहेत.

उत्तर : ताई, घरच्या जेवणाचं तुम्ही पत्रात शेवटी लिहिलं आहे, मी सुरुवात तिथूनच करतो. या शेतातली पालेभाजी खाणं आजपासून थांबवा, आणि विकणंही. पानांचा तपासणी अहवाल हातात येईपर्यंत तरी. शिसं मुळांतून वर फारसं चढत नाही, ते बहुतेक वेळा पानावर बसलेल्या मातीतून पोटात जातं, म्हणून भाजी नीट धुतली की बरंचसं कमी होतं. कॅडमियम पानाच्या आत असतं. ते धुऊन निघत नाही आणि शिजवून नष्ट होत नाही. मुलं त्या मातीत खेळत असतील तर हात धुतल्याशिवाय खाणं नाही, हेही आजपासूनच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पिकाला धातू सोसता यावा म्हणून काय द्यावं, असं तुम्ही विचारता. मला वाटतं, धातू पिकात शिरूच नये म्हणून काय करावं, हे आधी विचारायला हवं. या दोन प्रश्नांची उत्तरं काही वेळा एकमेकांच्या अगदी उलट जातात. ती का, हे कळलं की विक्रेत्याच्या बाटलीचं काय करायचं तेही तुमचं तुम्हालाच कळेल.

पिकाला कॅडमियमचा काडीचाही उपयोग नसतो. पण लोह, जस्त आणि मँगनीज आत घेण्यासाठी मुळांवर जी दारं असतात, त्यांना कॅडमियम ओळखून बाजूला काढता येत नाही, आणि ते त्याच दारांनी आत येतं. आत आल्यावर पेशी गप्प बसत नाही. ती ग्लुटाथिओन या स्वतःजवळच्या गंधकयुक्त रेणूपासून फायटोकेलॅटिन नावाचे छोटे रेणू बनवते. हे रेणू पहिल्यांदा नीट ओळखले गेले ते १९८५ साली. त्यांच्यात गंधक भरपूर असतं, त्या गंधकाला कॅडमियम घट्ट चिकटतं आणि दोघांना मिळून पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, नेऊन टाकलं जातं. तिथे ते पेशीच्या कामात लुडबूड करत नाही, आणि झाड तगतं. झाडाच्या बाजूने हा प्रश्न इथे मिटला. आपल्या बाजूने मिटलेला नाही, कारण धातू झाडाबाहेर गेलेला नाही. तो मुळाच्या पेशींत अडकला असेल तर आपलं नशीब. पानाच्या पेशींत जाऊन बसला असेल, तर झाडाने तो स्वतःपुरता निरुपद्रवी केला आणि आपल्या ताटात पाठवला.

म्हणून पीक धातू सोसतं याचा अर्थ ते खायला सुरक्षित आहे असा होत नाही. तांबं, जस्त, निकेल यांच्या बाबतीत निसर्गाची थोडी मदत असते. ते माणसाला बाधण्याइतके झाडात साठायच्या आधी झाडच आजारी पडतं, उत्पन्न कोसळतं. कॅडमियमच्या बाबतीत हा अडसर नाही. झाड तजेलदार, पान रुंद, वजन चांगलं, आणि तरीही ते माणसाने खाऊ नये असं असू शकतं. तुमचा भात बरा येतो हे वाचून मला म्हणूनच हायसं वाटलं नाही, उलट त्याचीच काळजी जास्त वाटली.

पालकाचा पिवळेपणा कदाचित कॅडमियममुळे नसेलही. मुलामा देण्याच्या कामात निकेल, जस्त आणि क्रोमियमही वापरतात. निकेल किंवा जस्त जास्त झालं की झाडाला लोह नीट वापरता येत नाही. मग कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी जाळी दिसते. एक रोप हलक्या हाताने उपटून मुळं धुऊन पाहा. निरोगी मुळं पांढरी असतात आणि त्यांना बारीक फाटे भरपूर असतात. धातूने मारलेली मुळं आखूड, जाडसर, तपकिरी टोकांची असतात आणि फाटे जवळजवळ नसतात. पान पिवळं का पडलं याची निम्मी साक्ष तिथेच मिळते.

हे पिवळं पान आज तुमच्या शेतातली एकमेव दिसणारी खूण आहे. फवारणीने ते हिरवं होईलही. अशा द्रावणांत लोह, अमिनो आम्लं, समुद्री शेवाळाचा अर्क, कधी सॅलिसिलिक आम्ल असं काहीबाही असतं, आणि प्रयोगशाळेत कुंडीतल्या रोपांवर यातल्या काहींचा परिणाम दिसलाही आहे. पण त्याने शेतातल्या पानातला कॅडमियम खाण्याइतका खाली येतो असा भरवसा मी देणार नाही. विक्रेत्याला एकच विचारा. फवारणी केलेल्या आणि न केलेल्या पानांतल्या कॅडमियमचे आकडे आहेत का? हिरवेपणाचे फोटो नकोत, आकडे हवेत. नसतील तर ते पैसे तपासणीला लावा.

आकड्यांचं म्हणाल, तर पालेभाजीत किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची कमाल मर्यादा आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली माणसासाठी महिन्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम ही सहन होण्याची सीमा ठरवली. ६० किलोच्या माणसाला ती दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पडते. मर्यादेवर असलेली २०० ग्रॅम भाजी खाल्ली की त्यातले ४० झाले. १५ किलोच्या मुलाला दिवसाला साडेबाराच मायक्रोग्रॅम चालतात, म्हणजे तीच भाजी साठ-बासष्ट ग्रॅम, आणि त्यात भात, डाळ, कंद यांचं कॅडमियम अजून धरलेलंच नाही. एकदा मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं, म्हणून बायका आणि मुलांना धोका अधिक. घरात कुणाला रक्तक्षय असेल तर त्याच्यावर उपचार करून घ्या, तो या लढाईचाच भाग आहे.

आता शेताकडे वळू. सगळ्यात आधी पाणी. ओढ्याचं पाणी येत राहणार असेल तर पुढचं सगळं वाया जाईल. दुसरं पाणी मिळत असेल तर पाट आजच बंद करा. ओढ्याचं पाणी आणि तळाचा गाळ दोन्ही तपासायला द्या, कारण कारखाना बंद झाल्यावरही गाळातून धातू येत राहतो. पाण्याला पिवळसर झाक दिसत असेल तर षट्संयुजी क्रोमियम मुद्दाम तपासून घ्या, तो क्रोमियमचा सर्वांत घातक प्रकार आहे.

तुमच्या अहवालातला मला सर्वांत आशेचा वाटलेला आकडा सामूचा आहे. ५.६ म्हणजे माती आम्ल आहे, आणि आम्ल मातीत कॅडमियम, निकेल, जस्त मातीच्या कणांना सोडून पाण्यात उतरतात. मातीत एकूण धातू किती आहे यापेक्षा मुळाशी पाण्यात किती उतरतो, यावर पिकाचं सगळं अवलंबून असतं. चुना देऊन सामू ६.५ ते ७ च्या दरम्यान आणला की तोच कॅडमियम मातीला जास्त घट्ट चिकटतो आणि मुळांना कमी मिळतो. सगळ्या उपायांत हा स्वस्त, जुना आणि शेतात सिद्ध झालेला. पण अंदाजाने टाकू नका. चिकण मातीला आणि रेताड मातीला लागणारा चुना खूप वेगळा असतो, म्हणून प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज मोजून घ्या, पेरणीच्या काही आठवडे आधी वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये नीट मिसळा, आणि सामू दरवर्षी तपासा, कारण तो हळूहळू पुन्हा उतरतो. चुना बेसुमार झाला तर जस्त, लोह, मँगनीज मुळांना मिळेनासं होतं, आणि जस्ताची भूक लागलेलं मूळ कॅडमियम अधिक ओढतं. शिवाय आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम सामू वाढला की उलट मोकळे होतात. म्हणूनच हे दोन्ही तपासल्याशिवाय चुन्याची गोणी फोडू नका.

जस्ताचंही तसंच. जस्त कमी असलेल्या मातीत जस्त दिलं की त्याच दारावर कॅडमियमला स्पर्धा होते आणि पिकातलं कॅडमियम घटतं. पण तुमच्या ओढ्यातून जस्तही आलं असण्याची शक्यता मोठी आहे. आधी उपलब्ध जस्त मोजा, कमी निघालं तरच द्या, आणि जस्त सल्फेट चांगल्या प्रतीचंच घ्या. कारखान्यांच्या टाकाऊ मालातून बनवलेल्या हलक्या जस्त खतांत कॅडमियम मिसळलेलं सापडतं. स्फुरदयुक्त खतांतही खनिजातून आलेलं कॅडमियम असतं. युरोपीय संघाने २०२२ पासून स्फुरदाच्या (पी२ओ५) दर किलोमागे ६० मिलिग्रॅमची सीमा घातली ती त्यामुळेच. स्फुरद लागेल तेवढाच द्या.

पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरत असाल तर ते थांबवून सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. म्युरेटमधलं क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतं आणि त्याला मातीतून सोडवून मुळापर्यंत घेऊन येतं. खाऱ्या विहिरीच्या पाण्यानेही हेच होतं, तेव्हा ओढ्याऐवजी विहीर धराल तर तिचं क्लोराइड बघा. अमोनियम सल्फेटने सामू उतरतो, तेही टाळा. फायटोकेलॅटिनसाठी झाडाला गंधक लागतं हे खरं, पण ते जिप्सममधून द्या. नुसती गंधकाची भुकटी मातीत आम्ल तयार करते आणि चुन्याने कमावलेलं घालवते.

चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर द्या. सेंद्रिय कर्ब कॅडमियम, शिसं, तांबं धरून ठेवतो आणि षट्संयुजी क्रोमियमचं कमी घातक, न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर व्हायला मदत करतो. एक अट आहे. शहराच्या कचऱ्याचं किंवा सांडपाण्याच्या गाळाचं खत तपासणीशिवाय या शेतात आणू नका, त्यातूनच धातू येऊ शकतो. बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला शेतीचा कोळसा, हाही धातू धरतो, सामू थोडा वाढवतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. तो कशापासून जाळून केला आहे हे मात्र विचारून घ्या. रंगवलेलं लाकूड नको. मायकोरायझाची, म्हणजे मुळांच्या सोबतीने वाढणारी, बुरशी काही पिकांत धातू मुळाशीच अडवते, काहींत नाही. घातली तर नुकसान नाही, भिस्त मात्र तिच्यावर ठेवू नका.

आता भात. इथे पाणी हेच औषध आहे, आणि तेच दुसऱ्या रोगाचं कारणही होऊ शकतं. खाचरात पाणी उभं असलं की मातीतला प्राणवायू संपतो, गंधकाचं सल्फाइड होतं, कॅडमियम त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. पाणी सोडून जमिनीला भेगा पडू दिल्या की ते पुन्हा मोकळं होतं, आणि हे दाणा भरायच्या काळात झालं तर कॅडमियम थेट दाण्यात जातं. जपानमध्ये म्हणून लोंबी बाहेर पडण्याच्या तीन आठवडे आधीपासून तीन आठवडे नंतरपर्यंत खाचरात पाणी टिकवायला सांगतात. त्या देशाने याची किंमत फार मोठी मोजली आहे. तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीकाठी खाणीच्या पाण्याने भात पिकवणाऱ्या गावांत हाडं ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा इताई-इताई रोग पसरला आणि कॅडमियम हे त्याचं कारण सरकारने १९६८ साली मान्य केलं.

आर्सेनिकचं गणित याच्या बरोबर उलट आहे. पाणी उभं राहिलं की मातीतले लोहाचे कण विरघळतात, त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं आणि सिलिका घेण्याच्या मार्गाने भातात शिरतं. भाताचं रोप उपटून मुळं धुतली तर त्यांच्यावर गंजासारखा तांबूस-नारिंगी थर दिसेल. मुळांतून बाहेर झिरपणाऱ्या प्राणवायूने बाहेरचं लोह गंजतं आणि तो थर बराच आर्सेनिक बाहेरच धरून ठेवतो. आर्सेनिक फारच असलं तर लोंब्या वाकत नाहीत, ताठ उभ्या राहतात आणि दाणे पोकळ निघतात. तुमच्या अहवालात आर्सेनिकचा रकाना नाही. तो कमी निघाला तर वर सांगितल्याप्रमाणे पाणी राखा. जास्त निघाला तर पाणी आलटून पालटून द्यावं लागेल, सिलिका द्यावी लागेल, आणि दोन्ही धातू जास्त निघाले तर भात या शेतात नकोच. पाऱ्याचा संशय असेल तरीही उभं पाणी नको, त्यात पाऱ्याचं मिथाइल रूप तयार होतं आणि ते दाण्यात जातं.

वाणाचाही फरक पडतो. काही भातांत मुळाच्या रिक्तिकेत कॅडमियम अडवणारं प्रथिन चांगलं काम करतं, काहींत ते निकामी असतं, म्हणून एकाच मातीत दोन वाणांच्या दाण्यांतले आकडे खूप वेगळे येतात. जपानी संशोधकांनी २०१२ साली कोशिहिकारी या वाणापासून मँगनीजचं ते दारच बिघडवलेला भात जाहीर केला, त्याच्या दाण्यात कॅडमियम नगण्य असतं. कमी कॅडमियम घेणारं बियाणं मिळतं का, हे तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाला नक्की विचारा.

इतर पिकांत ढोबळ नियम असा की पान सर्वांत जास्त साठवतं, कंद मध्यम, फळ आणि शेंग कमी. पालक, लेट्यूस, राजगिरा ही पिकं पुढची काही वर्षं या शेतात नकोत. वेलवर्गीय फळभाज्या, घेवडा-चवळीसारख्या शेंगा, मका, टोमॅटो हे आधी थोड्या जागेत लावून, तपासून मग वाढवा. भुईमूग आणि सूर्यफूल यांच्या बियांत कॅडमियम बऱ्यापैकी जातं, ते टाळा. पालेभाजी हवीच असेल तर खाली जाड कापड टाकून स्वच्छ मातीचा फूटभर उंचीचा वाफा करा. चारा पिकवून जनावरांना घालणं ही पळवाट समजू नका, कॅडमियम त्यांच्या यकृत-मूत्रपिंडात साठतं. बांधाजवळ जिथून पाटाचं पाणी शिरतं त्या पट्ट्यात कापूस, फुलं किंवा लाकडाची झाडं लावा.

शेजाऱ्यांच्या सूर्यफुलाचा हिशोब करू. हेक्टरभर जमिनीची वरची २० सेंटिमीटर माती सुमारे २,६०० टन भरते. किलोला ४ मिलिग्रॅम धरले तर तिच्यात १० किलोच्या वर कॅडमियम आहे. ते १ मिलिग्रॅमवर आणायचं तर साडेसात-आठ किलो बाहेर काढावं लागेल. समजा सूर्यफुलाचं दहा टन वाळलेलं झाड निघालं आणि त्यात किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम आलं, तर एका पिकाने निघालं ५० ग्रॅम. दीडशेहून जास्त पिकं घ्यावी लागतील, आणि प्रत्येक काडी शेताबाहेर नेऊन सुरक्षित जागी टाकावी लागेल. ती जाळली तर धूर आणि राखेतून धातू परत येतो. पानात किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर कॅडमियम साठवणाऱ्या खास वनस्पती आहेत, आर्सेनिकसाठी टेरिस विट्टाटा हे नेचं २००१ पासून प्रसिद्ध आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. तुमच्या चालू शेतीचा तो उपाय नव्हे. धातू सुटावा म्हणून ईडीटीए हे धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन टाकायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा, तो धातू विहिरीत उतरेल.

तपासणी पुन्हा करा, आणि या वेळी नमुना नीट काढा. पाटाच्या तोंडाजवळची माती वेगळी, शेवटच्या टोकाची वेगळी. पाण्यातून आलेला धातू तोंडाशीच जास्त बसतो, आणि दोन्ही मिसळले तर मिळणाऱ्या सरासरीत धोका लपतो. प्रत्येक भागातून नागमोडी चालत दहा-पंधरा जागांची वरच्या १५-२० सेंटिमीटरची माती घ्या, जस्ताचा मुलामा असलेलं फावडं किंवा बादली वापरू नका. एकूण धातूबरोबर डीटीपीए या द्रावणाच्या पद्धतीने मोजलेला उपलब्ध (मुळांना मिळू शकणारा) धातू, सामू, सेंद्रिय कर्ब, निकेल, जस्त, क्रोमियम आणि आर्सेनिक मागा. आणि मातीइतकंच महत्त्वाचं, खाल्ला जाणारा भाग तपासा, म्हणजे पालकाची धुतलेली पानं आणि भाताचा कांडून पॉलिश केलेला तांदूळ. तांदळाला कॅडमियमची कोडेक्स मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे, असेंद्रिय आर्सेनिकची ०.२. अहवालात आकडा ओल्या वजनावर दिला आहे की वाळलेल्या, हे विचारून घ्या. पालेभाजीत पाणीच नऊ-दशांश असल्यामुळे दोन्हींत दहापटीचा फरक पडतो, आणि ०.२ ची मर्यादा ताज्या भाजीची आहे.

घरात साठवलेला मागच्या हंगामाचा भात असेल, तर पहिला नमुना त्याचाच पाठवा. तोवर मुलांसाठी तांदूळ बाहेरून घ्या. अहवाल आला की सामू, उपलब्ध जस्त, आर्सेनिक आणि तांदळातलं कॅडमियम, एवढे चार आकडे मला कळवा. चुना किती आणि भात ठेवायचा की नाही, ते त्यावरून ठरवू.